कॅन्सरमधून कोण वाचतं?

दिंडोरी तालुक्याचे दोन भाग आहेत आणि ते दाखवायला नकाशा लागत नाही. पूर्वेला पालखेड-करंजवणच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या द्राक्षबागा, निर्यातीत नाव कमावलेली मोहाडीसारखी गावे, दारात ट्रॅक्टर. पश्चिमेला, ननाशी-कोचरगावच्या बाजूला, डोंगर सुरू होतात. तिथे पावसाळ्यात भात, नागली, वरई आणि पाऊस सरला की मजुरी. तालुक्याची निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्यात महादेव कोळी, कोकणा, वारली प्रमुख. पश्चिमेकडची माणसे, शेजारच्या पेठ-सुरगाण्यातलीही, पूर्वेच्या बागांत छाटणीला, विरळणीला, खुडणीला येतात. बाग एकच. तिच्यात मालकीणही वावरते आणि मजूरही.

समजा या दोघींच्या हाताला एकाच महिन्यात स्तनातली गाठ लागली. वय सारखे, गाठ सारखी. पाच वर्षांनी दोघींपैकी कोण हयात असेल, हा प्रश्न जगभरच्या कॅन्सरतज्ज्ञांना गेली अनेक दशके छळतो आहे. उत्तराचा अंदाज कुणालाही येतो. अवघड आहे ते त्याचे कारण नेमके कुठे दडले आहे हे दाखवणे: शरीरात, की शरीराबाहेर.

अमेरिकेत हा प्रश्न वंशाच्या अंगाने विचारला जातो, कारण तिथे रोगाच्या नोंदीच वंशानुसार ठेवतात. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो, पण त्याने मरण्याचे प्रमाण मात्र सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. यात जीवशास्त्राचा काहीच वाटा नाही असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा उपचाराला अवघड प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांत जवळपास दुपटीने आढळतो. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही, हे न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी दाखवून दिले.

हार्लेम ही गरीब कृष्णवर्णीयांची वस्ती. १९६४ ते १९८६ या काळात तिथे स्तनाच्या कॅन्सरसाठी आलेल्या ६०६ स्त्रियांपैकी पाच वर्षे जगलेल्या ३९ टक्के. निम्म्या जणी आल्या तेव्हाच रोग तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात होता. फ्रीमन यांनी दोन कामे केली. वस्तीतच मोफत तपासणीची केंद्रे उघडली आणि १९९०पासून प्रत्येक संशयित रुग्णामागे एक माणूस नेमला. तारीख मिळवून देणे, कागद पुरे करणे, बाई तपासणीला आली नाही तर तिच्या घरी जाणे, हे त्या माणसाचे काम. १९९५ ते २००० या काळात त्याच रुग्णालयात आलेल्या ३२५ स्त्रियांचे पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण ७० टक्के निघाले. वस्ती तीच, वंश तोच. मधल्या काळात औषधेही सुधारली होती, त्यामुळे सगळे श्रेय त्या माणसाच्या पदरात टाकता येत नाही. पण आधी पहिल्या टप्प्यात येणाऱ्या स्त्रिया ६ टक्के होत्या. नंतर अगदी सुरुवातीच्या टप्प्यांत येणाऱ्या ४१ टक्के झाल्या. हा बदल औषधाने होत नाही.

दुसरा पुरावा विम्याचा. अमेरिकेतल्या काही राज्यांनी गरिबांसाठीच्या सरकारी विम्याची व्याप्ती वाढवली. त्याआधी कॅन्सर पसरलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांना निदानानंतर महिन्याच्या आत उपचार सुरू होण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा ४.८ टक्क्यांनी कमी होते. व्याप्ती वाढवलेल्या राज्यांत, २०१९मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, ही दरी ०.८ टक्क्यांवर आली. रक्त बदलले नव्हते, खर्चाची सोय झाली होती.

आपल्याकडे वंशाच्या जागी जात, जमात, गाव आणि घरची ऐपत आहे. पण राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीचे अहवाल जिल्हानिहाय आणि शहरनिहाय निघतात, जमातनिहाय नाहीत. २०२०च्या अहवालात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड होते. नाशिक जिल्हा त्यात नव्हता. म्हणजे दिंडोरीच्या पश्चिमेकडची बाई कॅन्सरने गेली तर ती जमातीच्या हिशेबात मोजली जात नाही आणि जिल्ह्याच्याही नाही. जे मोजलेच जात नाही त्यासाठी पैसा मागायचा कुणी, आणि कशाच्या आधारावर?

तरीही देशातल्या आकड्यांत एक जोडी अशी आहे की ती पाहून थबकायला होते. २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा ११ नोंदणी केंद्रांनी पाठपुरावा केला. पाच वर्षे जगणाऱ्यांची सरासरी ६६.४ टक्के आली. सर्वांत वर होते मिझोराम, ७४.९ टक्के. सर्वांत खाली अरुणाचलातले पासीघाट, ४१.९ टक्के. दोन्ही ईशान्येचे डोंगराळ मुलूख, दोन्ही आदिवासीबहुल. मिझोराम अहमदाबादच्याही पुढे आणि पासीघाट तळाला. आदिवासींच्या शरीरातच काही उणे असते, तर हे घडले नसते. मिझोराममध्ये २०११च्या जनगणनेत साक्षरता ९१ टक्क्यांवर होती आणि ऐझॉलमध्ये राज्याचे स्वतःचे कॅन्सर रुग्णालय आहे. त्याच अभ्यासात रोग स्तनापुरता असताना आलेल्यांपैकी ८१ टक्के पाच वर्षे जगल्या, काखेपर्यंत किंवा आसपास पसरल्यावर आलेल्यांपैकी ६५.५ टक्के आणि दूरवर पसरल्यावर आलेल्यांपैकी फक्त १८.३ टक्के.

रोग कुणाला होतो आणि रोगातून कोण वाचते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचा अभ्यास मुंबईत फार आधी सुरू झाला. टाटा स्मारक रुग्णालय परळला १९४१मध्ये उघडले. तिथले डॉ. वसंत खानोलकर यांनी समाजासमाजांतल्या सवयी आणि कॅन्सर यांचा संबंध तपासला. १९६३मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली आणि त्यातून दिसले की पारशी स्त्रियांत स्तनाचा कॅन्सर जास्त, तर गर्भाशयमुखाचा कमी. गरीब हिंदू स्त्रियांत याच्या नेमके उलट. लग्नाचे वय, बाळंतपणे, स्वच्छतेच्या सोयी, तंबाखू अशा सवयींच्या आणि परिस्थितीच्या वाटा त्यात उघड झाल्या.

तंबाखूची वाट दिंडोरीतही रुळलेली आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने दात-हिरड्यांवर घासायची. ही मिश्री. सकाळी एकदा, मग कामाच्या मध्ये, मग भूक मारायला. ज्या बाईने कधी गुटख्याची पुडी फोडली नाही, तीही दिवसातून चार वेळा मिश्री लावते आणि ‘मी तंबाखू खात नाही’ असे मनापासून सांगते. २०१६-१७च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य समितीने २०१८च्या अहवालात नोंदवले की १५ ते ५४ वयोगटातले सुमारे ७२ टक्के आदिवासी पुरुष तंबाखू वापरतात. इतरांत हे प्रमाण ५६ टक्के. तोंडाच्या कॅन्सरची पूर्वखूण ओळखायला यंत्र लागत नाही. तोंड उघडून तीन बोटे उभी आत जातात का, हे कुणीही पाहू शकतो. जात नसतील, किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, तर ती दवाखान्यात जाण्याची वेळ. पण तिखट झोंबायला लागले की माणूस आधी तिखट सोडतो.

आता त्या मजूर बाईच्या गाठीकडे वळू. पहिला अडथळा असा की गाठ दुखत नाही. दुखले असते तर लगेच कुणीतरी पाहिले असते. गर्भाशयमुखाचे तर आणखी अवघड. अंगावरून पांढरे जाणे हे बायकांनी सोसायचेच असते, असे तिने आईकडून, सासूकडून ऐकलेले असते. मग काही महिने भगताचे किंवा औषधी दुकानातल्या गोळ्यांचे. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून नाशिकचे जिल्हा रुग्णालय किंवा शालिमारजवळचे संदर्भ सेवा रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी आणि ‘पुढच्या आठवड्यात या’. तपासणीचा तुकडा एका दिवशी, अहवाल दुसऱ्या दिवशी, फोटो तिसऱ्या दिवशी. प्रत्येक खेपेला दोन माणसांची मजुरी बुडते, कारण बाई एकटी जात नाही. फळांसाठी होणाऱ्या गोड्या छाटणीच्या हंगामात टोळीतून चार दिवस गैरहजर राहिले तर मुकादम दुसरी बाई घेतो. मग ‘एवढा हंगाम जाऊ दे’ असे ठरते.

पूर्वेकडची बाई याच काळात काय करते? नाशिकच्या खासगी दवाखान्यात गाडीने जाते आणि तीन-चार दिवसांत गाठीचा तुकडा, स्कॅन, सल्ला असे सगळे उरकते. तिच्या घरात कुणी डॉक्टर नसला तरी डॉक्टरला फोन करू शकणारे कुणीतरी असतेच. तिलाही भीती वाटते, तीही गाठ काही दिवस लपवते. बागायतदाराच्या घरातही बाईच्या दुखण्याला शेवटची पाळी येते. पण एकदा घराने ठरवले की तिची वाट सरळ आहे. या दोघींमधल्या वेळेच्या फरकाची किंमत काय, ते २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या पाहणीत सापडते. शस्त्रक्रियेला दर चार आठवड्यांचा उशीर मृत्यूची जोखीम ६ ते ८ टक्क्यांनी वाढवतो.

उपचार सुरू झाले म्हणजे वाट संपली असेही नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आठवड्यातून पाच दिवस, सुमारे पाच आठवडे किरणोपचार घ्यावे लागतात, जोडीला केमो आणि शेवटी आतून दिले जाणारे किरण. हे सगळे आठ आठवड्यांच्या आत संपायला हवे, नाहीतर गुण कमी येतो. पश्चिमेकडच्या पाड्यावरून रोज नाशिकला जाऊन संध्याकाळी परतणे अशक्य. परळला जायचे तर एसटीने नाशिक, नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरून पुढे. राहायचे कुठे? दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा नसत्या, तर महाराष्ट्रातल्या किती खेड्यांतल्या रुग्णांनी उपचार अर्ध्यावर सोडले असते याची कल्पनाही करवत नाही. तरीही टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर चूल मांडलेली कुटुंबे मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. उपचार मोफत किंवा नाममात्र दरात असूनही.

सरकारने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नाशिकला ती मिळाली नोव्हेंबर २०१३मध्ये, राज्यभर लागू झाली तेव्हा. २०१७मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३च्या निर्णयाने ती सर्व रेशनकार्डधारकांना खुली होऊन मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार त्यात बसतात. नाशिक शहरातली काही खासगी रुग्णालयेही. अशा योजनेने जीव वाचतात याचा चांगला पुरावा शेजारच्या कर्नाटकात आहे. तिथे वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी उत्तरेकडच्या जिल्ह्यांत आली. संशोधकांनी योजनेच्या हद्दीच्या अल्याड-पल्याडची गरीब घरे तपासली. योजनेत येणाऱ्या आजारांनी, म्हणजे मुख्यतः हृदयविकार आणि कॅन्सरने, झालेले मृत्यू योजना असलेल्या गावांत ०.३२ टक्के, नसलेल्या गावांत ०.९० टक्के. मधे फक्त एक प्रशासकीय रेघ.

पण योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च उचलते. निदान होईपर्यंतच्या खेपा, तपासण्या, बसभाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्याचे जेवण घराच्या माथी. आधारकार्डावर एक नाव आणि रेशनकार्डावर माहेरचे, एवढ्यावरूनही मंजुरी अडकते. रुग्णालयातल्या टेबलावर बसलेला आरोग्यमित्र चांगला असेल तर अर्ध्या तासात वाट काढून देतो, नसेल तर बाई तलाठ्याकडे परत जाते.

याच तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेपटाकडच्या ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९०च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या मदतीने पाणीवापर संस्था काढल्या, आणि पुढे सगळ्या प्रकल्पाचे वाटप शेतकऱ्यांच्याच हाती आले. धरणात किती पाणी आहे यापेक्षा शेपटाच्या शेताला ते पोचते का, हे त्यांनी विचारायला सुरुवात केली. आरोग्य योजनेचेही तसेच आहे. पाच लाखांची मर्यादा हा साठा झाला.

शेपटापर्यंत पोचता येते, हे बार्शीने दाखवले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी १९८७मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून नोंदी ठेवल्या आणि त्याच फेऱ्यांत बायकांशी बोलणे सुरू केले. नुसत्या बोलण्यानेच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. मग १९९९-२०००च्या सुमारास शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा प्रचंड अभ्यास उभा राहिला. गावांचे ५२ गट केले. कुठे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागच्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, कुठे पेशी तपासणारी पॅप चाचणी, कुठे व्हिनेगरची तपासणी, कुठे नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनी, आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते; काहीच तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढारलेल्या टप्प्यातले रुग्ण ३९ विरुद्ध ८२. निरक्षर, शेतमजूर, दुष्काळी भागातल्या बायकांमध्ये हे घडले. एका गटाला तपासणीशिवाय ठेवले याबद्दल या अभ्यासावर कठोर टीका झाली आणि ती टीका रास्त आहे. त्या ६४ जणींचे मरण विज्ञानाच्या खाती जमा झाले. म्हणूनच त्यातून मिळालेले ज्ञान नंतर कपाटात पडून राहावे, हे जास्त लागते.

पडून राहिले आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१मध्ये, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले. स्तनाची आणि तोंडाची तर एक टक्काही नाही. महागडे तंत्र हवे, असेही नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दहावी शिकलेल्या स्थानिक मुलींना शिकवून व्हिनेगरची तपासणी केली. सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचे. दीड लाख स्त्रियांच्या त्या अभ्यासात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हाताने स्तन तपासण्याच्या अभ्यासात २० वर्षांनी ५० वर्षांवरच्या स्त्रियांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. त्याखालच्या वयात तसा फायदा दिसला नाही. केरळात तोंड नुसते डोळ्यांनी पाहून तंबाखू-दारूचे सेवन करणाऱ्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी उतरले. ही सगळी कामे आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून पाटी लागलेल्या उपकेंद्रात होऊ शकतात. कागदोपत्री तशी अपेक्षाही आहे. आशाताई घरोघरी तिशीपुढच्यांचा ‘सीबॅक’ फॉर्म भरतात. त्यात तोंडातला चट्टा, स्तनातली गाठ, अंगावरून जाणे असे प्रश्न आहेत. फॉर्म भरला जातो. ‘हो’ म्हणणाऱ्या बाईचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

विश्वासाचाही प्रश्न आहे आणि त्याला इतिहास आहे. २००९मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींना लस दिली गेली. अनेकींच्या संमतीवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण २०१३मध्ये संसदीय समितीने संमतीच्या या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. लस चांगली आहे आणि आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लसही आहे. दिंडोरी, पेठ, सुरगाण्यातल्या आश्रमशाळांत ती न्यायची असेल तर आधी पाड्यावर आई-बापांसमोर बसून बोलावे लागेल, त्यांच्या बोलीत.

हार्लेमच्या फ्रीमन यांची कल्पना मुंबईत पोचली आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साथीने रुग्णांना उपचारांच्या वाटेवर सोबत करणाऱ्यांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम काढला. त्याचे नाव ‘केवट’. रामाला गंगा पार करून देणारा. हे केवट परळला फाइल काढण्यापासून धर्मशाळेपर्यंत रुग्णासोबत असतात. पण दिंडोरीच्या बाईची नदी परळला सुरू होत नाही. ती पाड्यावर सुरू होते आणि बहुतेक जणी तिथेच अडकतात. तालुक्याला एक-दोन केवट हवेत, ननाशीत आणि दिंडोरीत बसणारे, कोकणांची बोली समजणारे, फॉर्ममधल्या प्रत्येक ‘हो’च्या मागे शेवटपर्यंत जाणारे. त्यांच्या हाताशी थोडी रोकड हवी, बसभाड्यासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी. क्षयरोग्यांना सरकार पोषणासाठी दरमहा पैसे देतेच; कॅन्सरच्या किरणोपचाराच्या आठ आठवड्यांसाठी मजुरी भरून देणे त्याहून अवघड नाही.

तपासणीची वेळही बागांच्या हिशेबाने ठरवायला हवी. शिबिरे सहसा मार्चअखेर, निधी संपवायच्या घाईत लागतात, आणि तेव्हा सगळ्या बायका द्राक्षाच्या खुडणीत असतात. भाताची-नागलीची लावणी उरकल्यावर, गोड्या छाटणीच्या टोळ्या निघण्याआधी, श्रावण-भाद्रपदात त्या घरी असतात. किंवा सरळ बागेतच जावे. द्राक्ष निर्यातदारांना युरोपातले खरेदीदार मजुरांच्या सोयींबद्दल प्रश्नावली पाठवतात. हात धुण्याची जागा, प्रथमोपचार पेटी, स्वच्छतागृह यांची तपासणी होते. त्या यादीत मजूर बायकांची वर्षातून एकदा तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी, त्या दिवसाच्या भरपगारी रजेसह, घालायला बागायतदारांनी खरेदीदाराची वाट पाहू नये.